ज्याचे त्याचे ताट

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरी एक गोष्ट हटकून घडते. ओवाळणीचे तबक आत गेले आणि फराळाच्या बश्या बाहेर आल्या, की आमचे धाकटे मेहुणे प्रवासवर्णनाला हात घालतात. दिवाळीच्या आधी कुठेतरी परदेशी जाऊन यायचे आणि भाऊबीजेला ताईच्या घरी त्याचे कीर्तन लावायचे, असा त्यांचा गेल्या सहा-सात वर्षांचा नेम आहे. कीर्तनाला टाळ हवेत. ती उणीव आम्ही श्रोते चकल्या मोडून भरून काढतो.

गेल्या वर्षी स्वारी बँकॉकहून आली होती. तिथली देवळे आणि राजवाडा त्यांनी दोन मिनिटांत उरकला आणि खिशातून मोबाइल काढून एक फोटो सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. खाओ सान नावाच्या रस्त्यावर, एका हातगाडीपाशी, आमचे मेहुणे उभे. चेहरा सिंहगड सर केल्यासारखा. आणि हातात, बांबूच्या काडीला टोचलेला, तळून काळाकुट्ट झालेला, नांगीसकट एक विंचू!

"नुसता फोटो नाही हं, भाऊजी," ते मला म्हणाले, "खाल्ला!"

"त्या रात्री मी यांना दोनदा दात घासायला लावले," मामींनी पुरवणी जोडली. (मेहुण्यांची ही मंडळी. आमच्या मुलांची मामी, म्हणून आता सगळ्या घराची मामी.)

"चव कशी होती, मामा?" आमच्या चिरंजीवांनी विचारले.

"विशेष काही नाही रे. करपलेल्या कुरडईसारखी."

झाले! एकाने भुताची गोष्ट सांगितली की बैठकीतल्या प्रत्येकाला आपापले भूत आठवते. तसेच या बाबतीत असते. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला असतात. त्यांनी नागालँडच्या एका मित्राच्या घरी रेशमाच्या किड्याचे कोश खाल्ल्याचे त्या दिवशी प्रथमच जाहीर केले. त्यांच्या मातोश्रींच्या हातातला चहा बशीत सांडला. शेजारचे निवृत्त बँकवाले सहज डोकावले होते. त्यांनीही कबुली दिली, की गोव्यात एकदा चुकून कोळंबी खाल्ली होती. "आणि दुसऱ्यांदा?" असे कोणीतरी विचारताच ते घाईने शेव वाढून घेऊ लागले.

आता राहिलो मी. माझ्या पोटात विंचू गेलेला नाही. पण वर्षानुवर्षे हे सदर लिहायचे म्हणून बरीच पुस्तके गेली आहेत. मेहुण्यांच्या एका विंचवापुढे हार पत्करणे माझ्या जिवावर आले. मी घसा साफ केला आणि बकलंड पिता-पुत्रांना बैठकीत आणून बसवले.

विल्यम बकलंड हे ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्राचे मोठे पंडित. १८२४ साली 'मेगालोसॉरस' या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले. डायनोसॉरचे ते पहिलेच वर्णन. पुढे ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीचे डीनही झाले. इतका विद्वान आणि धर्माधिकारी गृहस्थ. पण देवाने निर्माण केलेला प्रत्येक प्राणी एकदा तरी खाऊन पाहायचा, असा त्यांचा पण होता. त्यांच्याकडे जेवायला जाणाऱ्याच्या पानात भाजलेला उंदीर येणे अशक्य नव्हते. त्यांच्या मते जगातला सर्वांत वाईट पदार्थ म्हणजे जमिनीत बिळे करणारा मोल हा प्राणी. पुढे त्यांनी मत बदलले. कारण मध्यंतरी त्यांनी निळी माशी खाऊन पाहिली!

चिरंजीव फ्रँक बकलंड तीर्थरूपांच्या एक पाऊल पुढे. हत्तीची सोंड उकडून झाली, ती रबरासारखी निघाली. गेंड्याच्या मांसाची पाय झाली. एकदा एका प्राणिसंग्रहालयातला बिबळ्या मेल्याची खबर यांना लागली, तोपर्यंत त्याला पुरून दोन दिवस होऊन गेले होते. फ्रँकसाहेबांनी तो उकरून काढवला आणि मांस घरी मागवले. 'फारसे चांगले नव्हते,' असा निर्वाळाही दिला. मात्र हा केवळ चक्रमपणा नव्हे. वाढत्या लोकसंख्येला खायला पुरेल कसे, ही त्यांना खरीच काळजी होती. परदेशी प्राणी इंग्लंडात आणून वाढवावेत म्हणून १८६० साली स्थापन झालेल्या संस्थेचे ते एक आधारस्तंभ. त्या संस्थेने १८६२ साली मोठी मेजवानी दिली. तिच्यात कांगारू होता आणि पक्ष्यांच्या घरट्यांचे सूपही होते.

"घरट्यांचे? म्हणजे काड्यांचे?" आमच्या कन्येने विचारले.

काड्यांचे नव्हे, लाळेचे. एका जातीच्या पाकोळ्या आपल्या लाळेने कड्याकपारीत घरटी बांधतात. ती लाळ वाळली की घट्ट होते आणि चिनी स्वयंपाकात तिला सोन्याचा भाव येतो. यासाठी फार लांब जायला नको. आपल्या वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत, त्यांच्या गुहांत या पाकोळ्यांची वस्ती आहे. त्यांची घरटी चोरून नेण्याचे प्रकारही तिथे उघडकीला आले होते. म्हणजे मालवणी माणूस ज्या खडकांना वळसा घालून बांगडे धरायला जायचा, त्या खडकांवरचे घरटे कुठल्या तरी दूरच्या श्रीमंताच्या वाडग्यात!

"शी! काय तरी मेले एकेक!" असे म्हणत मामींनी समोरच्या डब्यातली काजूकतली उचलली. "आपले बरे बाई. स्वच्छ, सोवळे."

काजूकतलीवर चांदीचा वर्ख चमचमत होता. आता इथे मी गप्प बसायला हवे होते. सणाचा दिवस, माहेरची माणसे. पण सदर लिहिणाऱ्याला गप्प बसणे साधते, तर तो सदर कशाला लिहील?

"मामी," मी म्हणालो, "हा वर्ख पूर्वी कसा करीत, माहीत आहे? बैलाच्या आतड्याचे पातळ पापुद्रे काढून त्यांची वही शिवायची, पानापानांत चांदीचे तुकडे ठेवायचे आणि ती वही हातोडीने तासन् तास कुटायची. असा वर्ख आपल्या आज्या-पणज्यांनी पेढ्याला लावून देवापुढे ठेवला. २०१६ साली सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्खासाठी प्राणिजन्य वस्तू वापरायला बंदी केली. तेव्हा ही काजूकतली निर्धास्त खा. पण लग्नात खाल्लेल्या बर्फीचा हिशेब आता मागू नका."

मामींनी काजूकतली डब्यात परत ठेवली. आमच्या सौ.ने माझ्याकडे असे पाहिले, की तो विंचू परवडला.

बाजू सावरावी म्हणून मी घाईघाईने दुसरा दाखला दिला, तो उपवासाचा. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो मूळचा अमेरिका खंडातला. बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच, हिरवी मिरचीही तिथलीच. ज्ञानेश्वरांच्या काळी यातला एकही जिन्नस आळंदीत कोणी पाहिला नव्हता. आज तेच चौघे परदेशी पाहुणे आपल्या पवित्र ताटात मांडी घालून बसले आहेत आणि घरचा गहू-तांदूळ बाहेर ताटकळत उभा आहे. म्हणजे विचित्र अन्न आणि पवित्र अन्न यांत अंतर ते किती? दोन-तीनशे वर्षांचे. बस्तरच्या आणि आपल्या गडचिरोलीच्या रानात तांबड्या मुंग्यांची चटणी करतात. आपण ऐकूनच तोंड वाकडे करतो. पण ओडिशातल्या सिमिलीपालच्या अशाच चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे जो मान आपल्या हापूस आंब्याला, तोच त्या मुंग्यांना. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या २०१३ च्या अहवालात तर जगातले सुमारे दोनशे कोटी लोक परंपरेने किडे खात आले आहेत, असा अंदाज दिला आहे. त्यांच्या घरी आपले मेहुणे गेले, तर विंचू खाल्ल्याबद्दल कोणी त्यांचा फोटोदेखील काढणार नाही.

बैठक आता रंगात आली होती. श्रोते तयार झालेले पाहून मी ठेवणीतली गोष्ट काढली, पॅरिसची.

१८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि तो पुढल्या जानेवारीच्या अखेरीपर्यंत उठला नाही. खाण्यापिण्यासाठी साऱ्या जगात नावाजलेले शहर. बाहेरून एक पोते आत येईना. आधी गुरे संपली, मग मेंढ्या. त्यानंतर घोड्यांवर पाळी आली. हजारो घोडे त्या साडेचार महिन्यांत कापले गेले. पुढे कुत्री, मांजरे आणि उंदीर खाटकांच्या दुकानांत टांगलेले दिसू लागले. शेवटी प्राणिसंग्रहालयाला प्राण्यांचा दाणावैरणीचा खर्च झेपेना, तेव्हा तेही विक्रीला निघाले. कॅस्टर आणि पोलक्स ही हत्तींची जोडी पॅरिसच्या बालगोपाळांची लाडकी. त्यांच्या पाठीवर बसून मुलांनी फेऱ्या मारलेल्या. डिसेंबरच्या अखेरीस त्यांना गोळ्या घातल्या आणि एका बड्या खाटकाने ती जोडी सत्तावीस हजार फ्रँकना घेतली. सोंडेला सर्वांत चढा भाव आला. वाघ-सिंह बचावले, त्यांना मारायला जायचे कोणी? आणि माकडे बचावली ती माणसाशी त्यांचे नाते फार जवळचे दिसते म्हणून, असे सांगतात.

त्या वर्षीच्या नाताळात, म्हणजे वेढ्याच्या नव्व्याण्णवाव्या दिवशी, व्हॉयझँ नावाच्या एका उंची उपाहारगृहात मेजवानी झाली. तिचा मेनू आजही इतिहासाच्या पुस्तकांत छापतात. भरलेले गाढवाचे डोके, उंटाचे भाजलेले मांस, कांगारूचा रस्सा, अस्वलाच्या बरगड्या, लांडग्याची तंगडी आणि भोवती उंदीर मांडून सजवलेले मांजर! सोबत जुनी, निवडक मद्ये. हेन्री लाबुशेर नावाचा इंग्रज पत्रकार तेव्हा पॅरिसात अडकला होता. त्याने आपल्या रोजनिशीत एकेका प्राण्याची चव नोंदवून ठेवली आहे. गाढव त्याला पसंत पडले. हत्ती मात्र चिवट आणि तेलकट लागला. बोकडाचे किंवा गाईचे मांस मिळत असेल, तोवर हत्तीच्या वाटेला जाऊ नका, असा सल्ला त्याने इंग्रज कुटुंबांना दिला.

बैठक खो खो हसली. मेहुण्यांनी दोन्ही हात जोडून विंचू मागे घेतला. "जिंकलात, भाऊजी!" म्हणाले. मी विजयी मुद्रेने बेसनाच्या लाडवाला हात घातला.

तेवढ्यात आतून मावशी गरम पुऱ्यांचे ताट घेऊन आल्या. मावशी आमच्याकडे पंधरा वर्षे पोळ्या करतात. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, पाटोद्याच्या बाजूच्या. दिवाळीत तळणाला आणि भाऊबीजेच्या जेवणाला त्या मुद्दाम थांबतात. आमचे सगळे बोलणे त्यांनी आत ऐकले असले पाहिजे, कारण कन्येने सहज गंमतीने विचारले, "मावशी, तुम्ही कधी असले काही खाल्ले आहे का हो?" तर त्या ताट खाली ठेवीत म्हणाल्या, "खाल्लंय की. बरबडा खाल्लाय."

आमच्यापैकी कोणालाच हा प्राणी ठाऊक नव्हता. चिरंजीवांनी मोबाइल हातात घेतला.

"त्यात काय बघतो, बाळा," मावशी म्हणाल्या. "तण असतंय रानातलं. बहात्तरच्या दुष्काळात जवारी नव्हती. मी सात-आठ वर्सांची आसंल. बरबड्याचं बी झाडून आणायचं, दळायचं, भाकर करायची. थापताना मोडायची. मग पुढं मिलो आली, अमेरिकेची, तांबडी. ती बी खाल्ली."

"चव कशी असायची?" चिरंजीव बोलून गेले. सकाळपासून सगळ्यांना हेच विचारणे चालले होते.

मावशींनी क्षणभर विचार केला. "चव बघायची तर घास तोंडात ठिवावा लागतो. आम्ही गिळायचो," त्या म्हणाल्या.

कोणी काही बोलले नाही. आमच्या सौ.ने त्यांना बसा म्हटले. त्या दारापाशीच टेकल्या.

"मग त्या वर्षी दिवाळी?" सौ.ने विचारले.

"केली की, ताई! न करून कसं चालंल? माय खडी फोडायच्या कामावर व्हती. तिथं सुकडी मिळायची. गोड चुरा असतोय. तिनं दोन दिवसांची पदराला बांधून आणली आन् पाडव्याच्या दिवशी मुठीत दाबून दाबून लाडू वळले. पाच. आम्ही चौघं भावंडं आन् आबा. माय म्हणली, माझं कामावरच खाऊन झालं. आम्हाला खरंच वाटलं." त्या जराशा हसल्या. "कामावर मिळाली ती सारी तर तिनं पदरात आणली व्हती, मग खाल्लं काय? ह्यो हिशेब मला कळला, तवा माय ऱ्हायली नव्हती." मग एकदम उठल्या. "तेल तापलं आसंल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

वाचकहो, त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्याने जिंकलेली पैज तिथेच हरलो. पॅरिसच्या गोष्टीवर आम्ही इतका वेळ हसलो, ते कशाला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्या मेजवानीचा कागद टिकला, कारण ती पैसेवाल्यांची मेजवानी होती. मांजराभोवती उंदीर सजवायला आधी चांगला आचारी लागतो, मसाले लागतात आणि ते सोसायला खिसा लागतो. त्याच शहरात, त्याच कडाक्याच्या थंडीत, बायका पहाटेपासून पावासाठी रांगा धरून बर्फात उभ्या राहत होत्या. जानेवारीत माणशी तीनशे ग्रॅम पाव ठरवून दिला होता, आणि त्या पावातही पेंढा नि कोंडा मिसळलेला. दुधाविना तान्ही मुले दगावत होती. त्या घरांतल्या जेवणाचा मेनू कोणी छापला नाही. लाबुशेरने गाढवाची चव लिहिली, फ्रँक बकलंडने बिबळ्याची, आमच्या मेहुण्यांनी विंचवाची. चव सांगणारी ही सगळी पोट भरलेली माणसे. भुकेल्याला चव सांगता येत नाही.

माणसे आपल्याला विचित्र वाटणारे अन्न तीन कारणांनी खातात, असे मला आता वाटते. कोणी हौसेने खातो; त्याला हसायला हरकत नाही, तो स्वतःही हसतो. कोणी ते घरचे म्हणून खातो, आईने भरवले म्हणून. त्याला हसण्याआधी आपल्या काजूकतलीवरचा वर्ख पाहावा. आणि कोणी भुकेने खातो. तिथे हसण्याचा प्रश्नच नाही. तिथे मान खाली घालावी.

आणि हे काही फार जुने नाही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध आणि जिकडे तिकडे फुटणारी खडी. त्या खडीवर कितीतरी संसार तगले. मागेल त्याला काम देण्याची योजना त्या दुष्काळातच उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हे सगळे मला ठाऊक होते. मी त्यावर मागे एक लेखही लिहिला होता. परंतु त्या खडीवरून पदरात बांधून आणलेला एक लाडू माझ्याच स्वयंपाकघरात पंधरा वर्षे उभा होता, हे ठाऊक नव्हते. पॅरिसच्या हत्तींची नावे मला पाठ होती. मावशींची भावंडे किती, हे मी कधी विचारले नव्हते.

मध्यंतरी, पावसाळ्यात, सौ. रानभाज्यांच्या महोत्सवातून टाकळ्याची जुडी घेऊन आली होती. फार पौष्टिक असते, असे तिथल्या फलकावर लिहिले होते. मावशींनी ती निवडता निवडता म्हटले होते, "ह्याला आमच्याकडं तरोटा म्हणत्यात. लई खाल्लाय." आम्ही तेव्हा हे कौतुक समजलो होतो.

त्या भाऊबीजेला पुढे जेवणे झाली. मेहुण्यांनी मोबाइल खिशात घातला होता, तो पुन्हा काढला नाही. मामींनी काजूकतली खाल्ली, वर्खासकट. आणि जाताना आत जाऊन मावशींना नमस्कार केला. आमची सौ. दर वर्षी मावशींना घरी न्यायला फराळाचा डबा भरून देते. तिचे माप ठरलेले आहे: चकल्या बारा, करंज्या आठ, लाडू दहा. हिशेबाची बाई; सगळ्यांच्या डब्यांत ती असेच मोजून भरते, माझ्या बहिणीच्यासुद्धा.

त्या दिवशी तिने डबा भरला, तेव्हा मी तिथेच उभा होतो. चकल्या मोजल्या, करंज्या मोजल्या. लाडू मात्र मोजले नाहीत. झाकण बसेना, तेव्हा दुसरा डबा घेतला.

यंदा पुन्हा भाऊबीज येते आहे. मेहुणे या खेपेला कुठे जाऊन आले, ते अजून कळलेले नाही. त्यांनी काही खाल्ले असेल, तर त्यांनी ते सांगावे, आम्ही ऐकू आणि हसूही. फक्त बैठक बसण्याआधी मावशींचे ताट मांडलेले असेल, आत नव्हे, बाहेर, आमच्याच ओळीत. तसे सौ.ने आधीच बजावून ठेवले आहे. आपल्याही घरी यंदा फराळ भरपूर होवो. आणि तो वळणाऱ्या हातांच्या वाटणीला, मोजायच्या आधीच, एक लाडू बाजूला राहो.